दोन स्टॉपांच्या मध्ये

तिला अख्खी इमारत डबलबेल म्हणते. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कोणाची छाती आहे? पण पाठीमागे सगळे म्हणतात, तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. उभी हयात तिने शहराच्या बसमध्ये कंडक्टरकी केली. अंगात खाकी कोट, खांद्याला चामड्याची बॅग, आणि डोक्यावर छताला लागून थेट ड्रायव्हरपर्यंत गेलेली घंटीची दोरी. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. सिंगल बेल, डबल बेल. एवढ्या दोन शब्दांवर तिने भरलेल्या गाड्या शहरभर फिरवल्या. ड्रायव्हर काय, नुसता चाक फिरवायला असतो, असं तिचं ठाम मत होतं. ड्रायव्हरांचं काय मत होतं ते तिने कधी विचारलं नाही.

सुरुवातीला बाई कंडक्टर बघून लोकांना हसू यायचं. पहिल्या वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी तिने नुसतं ‘पुढे सरका’ म्हटलं की मुकाट्याने सरकायला लागले. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा स्वभावच. तिचे नियम दोनच होते. एक, फुकट कोणी बसायचं नाही, मग तो खात्यातला साहेब का असेना. दुसरा, दोन स्टॉपांच्या मध्ये कोणाला उतरवायचं नाही. एकदा एक झिंगलेला माणूस गाडीत बरळायला लागला, तेव्हा सगळे प्रवासी ओरडत होते की पुलावरच उतरवा त्याला. तपासनीस साहेबसुद्धा तेच म्हणाले. ही दोरीला हात लावेना. स्टॉप येईपर्यंत तो माझा माणूस आहे, म्हणाली. पुढच्या स्टॉपला मात्र त्याला कॉलरला धरून असा उतरवला की त्याची झिंग तिथेच उतरली असणार.

अशी ही बाई निवृत्त झाली आणि घरी बसली. नवरा आधीच गेलेला. घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात, छोटी. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि घरसुद्धा त्याला कंपनीसारखं नीट लावून ठेवायचं होतं. हळूहळू त्याने एकेक गोष्ट स्वतःकडे घेतली. विजेचं बिल, गॅस, तिच्या गोळ्यांची वारांच्या कप्प्यांची डबी, तिच्या फोनचं रिचार्ज. प्रत्येक वेळी एकच वाक्य, “आई, तू कशाला त्रास घेतेस?” ऐकायला किती गोड. घंटीची दोरी आपल्या हातातून गेली, हे तिला कळलंच नाही.

तिचा फोनही तिचा नव्हता. नातीला नवीन टॅब आला तेव्हा तिचा जुना फोन आजीकडे आला, मागे मांजरीचं स्टिकर चिकटलेलं होतं ते तसंच. रिचार्ज नुसतं बोलण्यापुरतं. घरात वायफाय असताना वेगळं इंटरनेट कशाला, हेही मुलानेच ठरवलेलं. तिचं काही अडत नव्हतं. सिनेमे, रेसिपी, सकाळी सकाळी फुलांचे फोटो, यांतलं काही तिला नको होतं. तिला फोन हवा होता तो एकाच माणसासाठी.

तो माणूस म्हणजे तिची बहीण, धाकटी. धाकटी जन्मापासून बहिरी. त्यामुळे बोलणंही नाही. त्या काळी त्यांच्या गावात अशा मुलांची शाळा नव्हती आणि आईवडिलांना कामापुढे फुरसत नव्हती. तेव्हा मोठीनेच तिच्याशी बोलायची भाषा तयार केली. मिशीला पीळ दिला की वडील. डोळे वटारून कमरेवर हात ठेवला की आई. मूठ गालावर टेकली की भूक, कारण भूक लागली की धाकटी तशीच बसायची. दोन बोटं एकमेकांना चिकटवली की आपण दोघी. हात मांडीवर ठेवून बसलं की अबोला. पुढे मोठी बसवर लागली तेव्हा भाषेत घंटी आली. डोक्याशी मूठ नेऊन एकदा ओढली की थांब, नको. दोनदा ओढली की चल, हो, जोरात! ही भाषा जगात दोनच माणसांना येत होती. पुस्तकात नाही, शाळेत नाही, घरातल्या पोरांनाही त्यातले चार शब्द, तेही हसण्यापुरते.

धाकटीने जन्मभर शिवणाच्या कारखान्यात काजं केली. लग्न झालं नाही. हात थरथरायला लागले तेव्हा काम सुटलं, आणि मुलाने चौकशा करून मावशीला दुसऱ्या शहरातल्या एका चांगल्या वृद्धाश्रमात ठेवलं. स्वच्छ जागा, डॉक्टर येतात, बाग आहे. सगळं खरं. पण तिथे तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. तिथली ताई मायाळू होती, पाटीवर ‘जेवण’, ‘औषध’ असं लिहून दाखवायची. धाकटीला तेवढंच वाचता यायचं. माणूस दिवसभर जेवण आणि औषध एवढंच बोलू शकत असेल तर त्याने करायचं काय?

म्हणून रात्रीची जेवणं आटोपली की ताई दिवाणखान्यातला एकुलता एक टॅब धाकटीपुढे उभा करून द्यायची. त्याआधी तो मिळायचा नाही, कारण त्यावर बाकीच्यांची गाणी आणि भजनं चालायची. बहिऱ्या बाईची पाळी शेवटी. नऊ वाजत आले की इकडे डबलबेल स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन बरणीला टेकवून बसायची, आणि दोघी बहिणी हात नाचवत दिवसभराचं सगळं ओकायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन बायका डास मारतायत.

त्या दिवशी धाकटी जरा वेगळीच होती. नेहमी आल्या आल्या ती ताईची नक्कल करायची. त्या दिवशी केली नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग थांबली, आणि तिने तळहात छातीवर ठेवला. त्याच क्षणी चित्र थिजलं. पडद्यावर धाकटी छातीवर हात ठेवून तशीच, डोळे मोठे, आणि मध्ये ते गोल गोल फिरणारं चाक. मग तेही गेलं.

छातीवर हात म्हणजे मी. पण त्या भाषेत हात छातीवर दाबून धरला की दुखतंय. पुढे काय होणार होतं? मी, आणि मग काही? की दुखतंय? डबलबेलने फोन हलवला, बंद करून चालू केला, खिडकीशी नेला. तिला वाटलं तारेत बिघाड असेल. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी तिने आश्रमात साधा फोन लावला. ताई म्हणाली, काळजी करू नका, बरं आहे सगळं, तपासणीही झाली. फक्त आज जेवायला चला म्हटलं तर आल्या नाहीत, हात मांडीवर ठेवून शांत बसल्यात. ताईने ‘शांत’ म्हटलं. डबलबेलने ऐकलं ते वेगळंच. हात मांडीवर म्हणजे अबोला. धाकटी तिच्याशी बोलायची बंद झाली होती, आणि का, हे जगात कोणालाही विचारता येत नव्हतं. फोनवर आवाज जातो, हात जात नाहीत.

त्या रात्री ती आधीपासून फोन मांडून बसली. बराच वेळ कोणी उचललं नाही, आणि मग पुन्हा ते गोल चाक. तशी ती उठली आणि मुलाच्या खोलीपाशी गेली. म्हणाली, तुझं ते वायफाय बिघडलंय, माणूस बोलाव. मुलाने लॅपटॉपवरून मानही न वळवता सांगितलं की बिघडलेलं नाही, मीच बंद केलंय. छोटीचे मार्क घसरलेत, रात्री गादीत टॅब घेऊन बसते. म्हणून कालपासून नऊनंतर मुलांचं इंटरनेट बंद, ते आपलं आपण बंद होतं. सांगताना त्याला स्वतःचं कौतुक वाटत होतं, ते लपत नव्हतं.

“मग माझं का बंद झालं?” तिने विचारलं.

त्याने मोबाईल उघडून दाखवला. एका चौकटीवर ‘मुलं’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली दोन ओळी होत्या, एक नातीचा टॅब आणि दुसरा ‘छोटीचा फोन’. म्हणजे हिच्या हातातला, मांजरीच्या स्टिकरचा. फोन आजीकडे आला तरी यादीत नाव तेच राहिलं होतं. इथपर्यंत चूक होती, आणि चुका माणसाकडून होतात. पण मुलगा पुढे म्हणाला की कालच त्याच्या ते लक्षात आलं होतं. मग त्याने विचार केला, राहू दे. छोटी तुझा फोन मागून घेते, ते बंद होईल. शिवाय डॉक्टरांनी तुलाही लवकर झोपायला सांगितलंय, तुझ्याही भल्याचंच आहे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सांगितलं, धाकटी काही तरी सांगत होती आणि अर्ध्यात तुटलं. तर तो म्हणाला की सोमवारी तो आश्रमाशी बोलून दुपारची वेळ ठरवून घेईल. तोपर्यंत फारच अडलं तर उद्या माझा फोन घे, मी समोर बसतो, पाच मिनिटं बोल. एकाला सूट दिली की नियमाला अर्थ उरत नाही, हेही वर समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. यादीत होतीच ना ती.

“इतकी वर्षं मी लोकांना गाडीत घेतलं आणि उतरवलं,” ती म्हणाली. “दारुडासुद्धा दोन स्टॉपांच्या मध्ये उतरवला नाही. तू माझ्या बहिणीला उतरवलंस, आणि ती बोलत असताना.”

मुलगा म्हणाला, आई, तू उगाच मनाला लावून घेतेस. यावर तिने हूं की चूं केलं नाही. ती गप्प बसते तेव्हा तिला ओळखणारे ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवायचे. मुलगा ड्रायव्हर नव्हता, त्याने पुन्हा लॅपटॉपकडे मान वळवली.

आता कोणी म्हणेल, पाच मिनिटांसाठी मुलाचा फोन घेतला असता तर काय बिघडलं असतं? अडेलतट्टूपणा होता का? होता. पण स्वतःच्या बहिणीशी बोलायला समोर पहारा बसवून परवानगीने बोलायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना. तो घास गिळला असता तर पुढचे सगळे गिळावे लागले असते.

इमारतीच्या तळमजल्यावर पार्लर आहे, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं. बाहेर काचेवर कागद लावलाय, ‘गिऱ्हाइकांसाठी वायफाय मोफत’. दुसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर डबलबेलने फोन उचलला, पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरली. सुनेने विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाली, ड्युटीवर.

पार्लरवाली दुकान आवरायच्या बेतात होती. सगळं ऐकून ती लगेच म्हणाली, काकू, त्यात काय, बसा की इथे, पासवर्ड देते. पण हिचा नियम आड आला. कागदावर गिऱ्हाइकांसाठी लिहिलंय, मी गिऱ्हाईक नाही. आयुष्यात फुकट्याला गाडीत बसू दिलं नाही, आता म्हातारपणी मी फुकटी होऊ? पार्लरवालीने कपाळावर हात मारला. बरं मग, काय करू तुमचं? भुवया? नखं?

डबलबेलने आरशात पाहिलं. मानेवर पांढरा अंबाडा, त्यात नेहमीसारखी खाली घसरलेली पिन. सासू होती तोवर सासूला आवडायचा म्हणून तो अंबाडा, मग नवऱ्याला, मग सवय. कोट, बॅग आणि घाम यांत तो अंबाडा सांभाळताना कितीदा तरी तिच्या मनात आलं होतं, उडवावा एकदाचा. “हा काप,” ती म्हणाली. “मानेपर्यंत.”

पार्लरवालीने तीनदा विचारलं, नक्की ना? चौथ्यांदा विचारायची तिची हिंमत झाली नाही. तिने खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती काळं कापड बांधलं, फोन आरशाला टेकवून दिला. कात्री चालायला लागली तशी इकडे रिंगही गेली.

ताईने उचललं. दिसत नव्हतं नीट, पण ती धाकटीला समजावून खुर्चीत आणत होती. धाकटी बसली. मान खाली, हात मांडीवर. कापडाखालून हिचे हात बाहेर आले, ये, बघ, बोल. तिकडे काहीच नाही. पुन्हा तेच. धाकटी ढिम्म. तेवढ्यात कात्रीने शेवटचा घास घेतला आणि अंबाडा सुटून पार्लरवालीच्या हातात आला. धाकटीची नजर वर गेली. तोंडाचा आ झाला. आणि मांडीवरचे दोन्ही हात आपोआप उठून तिच्या स्वतःच्या डोक्यावर गेले. केस? तुझे केस?

अबोला सुटला होता. सुटला तो रागाच्या पुरासारखा सुटला. धाकटीने तिच्याकडे बोट रोखलं, तू. मग मूठ डोक्याशी नेली आणि एकदा, एकदाच, खाली ओढली. तू दोरी ओढलीस. सिंगल. मी विचारलं, आणि तू नको म्हणालीस. आणि मग तोंड लपवून बसलीस.

मी कधी? डबलबेलने खांदे उडवले, शपथ घेतली. धाकटीने पुन्हा तशीच मूठ केली, डोक्याच्या थोडी मागे, मानेच्या वर. आणि ती जागा बघून डबलबेलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती पिन! परवा रात्री बोलता बोलता तिची पिन घसरली होती आणि ती खोचायला तिने हात वर नेला होता. तेवढ्यात वायफाय गेलं. हिच्या पडद्यावर धाकटी छातीवर हात ठेवून थिजली, तसंच तिकडे धाकटीच्या पडद्यावर ही मूठ वर करून थिजली, आणि ते न कळता धाकटीने आपलं विचारून टाकलं. दोन दिवस ती बाई त्या एका मुठीकडे मनातल्या मनात बघत बसली होती. सख्ख्या बहिणीने नको म्हटलं, म्हणून.

डबलबेलने पार्लरवालीच्या हातातून तो कापलेला अंबाडा घेतला, पिनेसकट, आणि फोनसमोर धरला. ही बघ. ही चोर. दोरी नाही, ही! धाकटीने बघितलं, समजली, आणि हसायला लागली. तिच्या हसण्याचा आवाज वेडावाकडा आहे, लहानपणी पोरं चिडवायची. डबलबेलला त्याहून गोड आवाज या जगात माहीत नाही. ती रडत होती आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

मग तिने तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि भुवया उंचावल्या. पुढचं सांग. काय विचारलं होतंस?

धाकटीने छातीवर हात ठेवला. तो हात हळूहळू पुढे आणला, पडद्याला लागेपर्यंत. मग थरथरणारी दोन बोटं एकमेकांना चिकटवून धरली. मी तुझ्याकडे येऊ? आपण दोघी? एवढंच विचारायला तिने किती दिवस घालवले असतील कोण जाणे. विचारलं, तर समोर थिजलेली मूठ.

डबलबेलचे हात कापडात अडकले. तिने ते गळ्यापासून टरकन ओढून काढलं, पांढरे केस सगळीकडे उडाले, पार्लरवाली दोन पावलं मागे सरली. मग मूठ वर नेऊन तिने हवेत दोरी ओढली. एकदा, आणि लगेच पुन्हा. अशी ओढली की खरी असती तर तुटून हातात आली असती. तिकडे धाकटीनेही ओढली, दोनदा. ताईला काही कळलं नाही, पण तीसुद्धा मागून हसत होती.

“आई, हे काय?”

दारात मुलगा उभा होता. सुनेने सांगितलं असेल, म्हणून शोधत आलेला. तो आईच्या डोक्याकडे बघत होता, फरशीवरच्या केसांकडे, फोनकडे. लहानपणी तो तिच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसायचा आणि मला एकदा ओढू दे म्हणून रडायचा. त्यामुळे हा एक शब्द त्याला येत होता.

“मावशीला कशाला हो म्हणालीस?” तो म्हणाला.

“ती इथे राहायला येऊ का म्हणाली, त्याला. आम्ही दोघी राहू, माझ्या खोलीत.”

तो एकदम बोलायला लागला. खोली लहान आहे, आश्रमाची सगळी व्यवस्था आहे, असं एकदम ठरवता येत नाही, निदान आधी विचारायचं तरी.

“विचारलं असतं,” ती म्हणाली. “पण तू मला मुलांच्या यादीत टाकलंस. मुलं कधी विचारतात?”

पार्लरवालीने आरशाकडे तोंड फिरवलं, तिला हसू आवरेना. मुलाने खिशातून मोबाईल काढला आणि हळूच म्हणाला, आत्ता काढतो तुला त्यातून. काढ, ती म्हणाली, आणि मावशी आली की तिलाही त्यात घालू नकोस. नातीच्या झोपेसाठी काय बंद करायचं ते कर, मी तिला माझा फोन देणार नाही, हा माझा शब्द. पण मला झोपवू नकोस.

तिने पार्लरवालीचे पैसे चुकते केले, कापलेला अंबाडा कागदात गुंडाळून काखेत मारला आणि दाराकडे निघाली. मुलगा दारातच उभा होता, अजून मनात हिशेब मांडत. पलंग कुठे, कपाट कुठे, बायकोला काय सांगायचं. मोकळ्या मानेवर तिला गार वारा लागला. कोट नव्हता, बॅग नव्हती, पण आवाज तोच निघाला, मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत जाणारा.

“तिकीट फाडून झालंय,” ती म्हणाली. “आता पुढे सरका, आणि जागा करा.”